छोटं लाकडी धनुष्य आणि हलके बाण हाताने बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धनुष्य बनवायला बसलेला माणूस पहिल्या दिवशी विचारतो की लाकूड कुठलं घेऊ. दुसऱ्या दिवशी विचारतो की जाडी किती ठेवू. तिसऱ्या दिवशी दोन तुकडे हातात धरून विचारतो की चुकलं कुठे. खालचे प्रश्नही साधारण याच क्रमाने आहेत. 'छोटं' म्हणजे इथे ११० ते १३० सेंटीमीटर लांबीचं, ७ ते ११ किलो ओढीचं, एका अखंड लाकडाचं आणि फक्त नेमाच्या सरावासाठीचं धनुष्य.

आधी शब्द सांगा. पाठ कुठली, पोट कुठलं?

इथे नव्वद टक्के लोक गोंधळतात. धनुष्य हातात धरलं की लक्ष्याकडे असते ती त्याची पाठ आणि आपल्याकडे असतं ते पोट. बाक येतो तेव्हा पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. मुठीच्या वर आणि खाली वाकणारे दोन भाग म्हणजे भुजा. दोरी पूर्ण ओढल्यावर हाताला जो भार लागतो ती ओढ, धनुर्धर तिला पाउंडेजही म्हणतात. दोरी चढवून ठेवली असताना मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. एवढं पुरे, बाकीचे शब्द कामाच्या ओघात येतील.

पहिलंच धनुष्य आहे, म्हणून छोटं करतोय. छोटं सोपं असतं ना?

नाही. हा गैरसमज बरीच लाकडं मोडून गेलाय.

धनुष्य जितकं आखूड, तितका दोरी तेवढीच लांब ओढायला त्याला जास्त बाक घ्यावा लागतो. लाकडाचा तंतू ताणला किंवा दाबला जाण्याला मर्यादा आहे. आपल्या कामाच्या लाकडांत ती एक टक्क्याच्या आसपास समजा. त्यापुढे गेलं की पोट कायमचं दबतं किंवा पाठ फाटते. लांब धनुष्यात हा भार लांबलचक भुजांवर वाटला जातो, एखादी जागा थोडी कमकुवत राहिली तरी शेजारची जागा सांभाळून घेते. छोट्या धनुष्यात सांभाळून घ्यायला शेजारच नसतो.

मग घोड्यावरून मारायची ती आखूड धनुष्यं इतकी जोरदार कशी? कारण ती नुसत्या लाकडाची नसत. पोटाला शिंग, पाठीला स्नायूंचे वाळलेले तंतू आणि मध्ये लाकडाचा पातळ गाभा, असं सरसाने जोडलेलं ते काम असे. शिंग आणि स्नायू लाकडाच्या कितीतरी पट ताण सोसतात. आपण ते करत नाही आहोत.

म्हणून खरोखर पहिलंच धनुष्य असेल तर १३० सेंटीमीटरचं करा आणि ४५ ते ५० सेंटीमीटरच्या पुढे ओढू नका. ११० कडे दुसऱ्या खेपेला वळा.

लांबी ठरवायचा काही नियम?

आहे, आणि तो पाळण्यासारखा आहे. मूठही वाकणारं धनुष्य असेल तर ओढीच्या लांबीची दुप्पट, वर दहा टक्के. ५० सेंटीमीटर ओढणार असाल तर ११०. मूठ जाड आणि न वाकणारी ठेवायची असेल तर मुठीचे आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या उतारांचे मिळून साधारण २० सेंटीमीटर आणखी धरा, कारण तेवढा भाग कामच करत नाही. ओढीची लांबी आपल्या हाताच्या मापाने ठरते असं सगळे सांगतात. ते मोठ्या धनुष्याला खरं. छोट्या धनुष्यात ती धनुष्य ठरवतं, आणि हाताने तिथे थांबायचं असतं. बाणावर ५० सेंटीमीटरला शाईची एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे जोशात पुढे जाणार नाही.

लाकूड कुठलं? यू मिळत नाही, मग काय करू?

यू हे युरोपातलं सदाहरित झाड, ते नाही मिळालं तरी काही अडत नाही. यूचं नाव मोठं आहे, आणि ते त्याच्या गुणांमुळे आहे: बाहेरचं फिकट लाकूड ताण उत्तम सोसतं, आतला लालसर गाभा दाब उत्तम सोसतो, म्हणजे पाठ आणि पोट निसर्गानेच जोडून दिलेली. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोज या इंग्रजी युद्धनौकेतून निघालेली धनुष्यं यूचीच होती. पण डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली सुमारे ९००० वर्षांपूर्वीची धनुष्यं एल्मची आहेत, आणि त्यांचा रुंद, चपट्या भुजांचा घाट आजही नवशिक्यांना सांगितला जातो.

ॲश, एल्म, हिकरी, मेपल, हेझल, ओक, ओसेज ऑरेंज ही सगळी चालतात. कसोटी नावाची नाही, तंतूंची. लाकूड जड असावं, लवचीक असावं, आणि त्याच्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता जाव्यात. सरळ रेघांचं साधं लाकूड तिरक्या रेघांच्या नामांकित लाकडाला हमखास भारी पडतं. पाइनसारखी मऊ लाकडं धनुष्याला टाळा, ती पुढे बाणाला लागतील.

यू वापरणारच असाल तर एक सूचना. या झाडाचे जवळजवळ सगळे भाग विषारी आहेत. घासताना मास्क लावा आणि भुसा पुसून काढा. तसा मास्क कुठल्याही लाकडाला लावावाच.

झाडाची ओली फांदी चालेल का?

चालेल, आणि एका अर्थाने ती फळीपेक्षा चांगली. साल सोलली की खालचा पृष्ठभाग ही तयार पाठ असते, तिथला एकही तंतू कापलेला नसतो. मनगटाएवढी जाड, सरळ, पिळ नसलेली, कमीत कमी गाठींची फांदी घ्या. शक्य असेल तर करवतीने न कापता पाचर मारून उभी फोडा. करवत आपल्याला हवं तिकडे जाते, पाचर लाकडाला हवं तिकडे जाते, आणि लाकूड खरं सांगतं. फोडल्यावर फाळी पिळलेली निघाली तर ती तशीच होती, फक्त आधी दिसत नव्हती.

फांदी तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना रंग, गोंद किंवा मेण फासा. टोकांतून ओल झपाट्याने उडते आणि तिथून चिरा आत शिरतात.

वाळवायला किती दिवस?

अख्ख्या ओंडक्याला एका इंचाला एक वर्ष हा जुना हिशोब. तेवढं थांबायचं नसेल तर ओलं असतानाच धनुष्याचा ढोबळ आकार काढून घ्या, प्रत्येक माप थोडं जास्त ठेवून. पातळ झालेलं लाकूड काही आठवड्यांत वाळतं. एका सरळ फळीला दोरीने बांधून सावलीत, वारा लागेल असं ठेवा, म्हणजे वाकडं होणार नाही. उन्हात ठेवू नका.

वाळलं की नाही हे नखाने किंवा वासाने कळत नाही, वजनाने कळतं. दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि आकडा लिहून ठेवा. आठवडाभर आकडा हलला नाही की ते वाळलं. आठ ते दहा टक्के ओल उरलेलं लाकूड धनुष्याला उत्तम. फार कोरडं झालं तर ते काचेसारखं तडकतं, ओलसर राहिलं तर बाक धरून बसतं. ओल्या लाकडाला नुसतं 'किती वाकतंय पाहू' म्हणूनही वाकवू नका. त्या एका कुतूहलाची किंमत पुढे कायमची मोजावी लागते.

सुताराकडची फळी?

चालते. पण फळ्यांच्या ढिगाऱ्यात अर्धा तास घालवायची तयारी ठेवा. रुंद बाजूवरच्या रेघा आणि कडेवरच्या रेघा, दोन्ही टोकापर्यंत सरळ हव्यात. रेघ मध्येच कडेबाहेर निघून जात असेल तर नेमक्या तिथून ढलपी उचलणार. गाठ असलेली फळी तर हातातही घेऊ नका. थोडी शंका असेल तर पाठीला तागाचं किंवा रेशमाचं पातळ कापड लाकडाच्या गोंदाने चिकटवा. ते चांगल्या फळीला आणखी सुरक्षित करतं. वाईट फळीला वाचवत नाही.

बांबूचं केलं तर?

बांबूची कामटी हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग आहे. बांबूचे बळकट तंतू बाहेरच्या सालीखाली दाट असतात आणि आत जाल तसे विरळ होत जातात. म्हणून हिरवी-पिवळी साल पाठीला ठेवायची आणि तिला कानस लावायची नाही. पेरांचे उंचवटे हलक्या हाताने गुळगुळीत केले तर चालतात, सपाट करू नका. जे काय तासायचं ते आतून, पोटाकडून.

एक कामटी कमी पडली तर तिच्या पोटाला दुसरी, आखूड कामटी लावून मुठीजवळ आणि थोड्या अंतरावर दोऱ्याने घट्ट बांधा. गाडीच्या पाट्यांच्या स्प्रिंगसारखं ते काम करतं. दिसायला गावठी, पण मोडत नाही, आणि ओढ कमी-जास्त करायची असेल तर आतली कामटी बदलली की झालं.

हत्यारं कोणती लागतात?

करवत, रास्प म्हणजे खरखरीत दातांची लाकडाची कानस, बारीक कानस, खरवडायला धारदार सुरी किंवा स्क्रेपर, एक गोल कानस खाचांसाठी, पॉलिश पेपर. काम धरायला वाइस असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर दोन क्लॅम्प. मशिनचा मोह आवरा. पट्ट्याचं सँडर दोन सेकंदांत जेवढं खातं तेवढं परत चिकटवता येत नाही.

सुरुवातीची मापं द्या की.

ॲश किंवा तत्सम लाकडाचं, १२० सेंटीमीटर लांब, न वाकणाऱ्या मुठीचं धनुष्य धरू. मुठीच्या वर-खाली भुजांची रुंदी ३५ ते ४० मिलीमीटर. अर्ध्या भुजेपर्यंत ती तशीच ठेवायची, तिथून टोकाकडे निमुळती करत १२ मिलीमीटरवर आणायची. जाडी १३ मिलीमीटरपासून सुरू करा. अखेरीस ती ९-१० च्या आसपास येईल. 'येईल' म्हणतोय, 'आणा' म्हणत नाही. दोन लाकडं सारख्या मापाला सारखी ओढ कधीच देत नाहीत. मूठ २५ ते ३० मिलीमीटर रुंद आणि हाताला भरेल इतकी जाड, आणि मुठीपासून भुजेपर्यंतचा उतार हळूहळू. पायरी ठेवलीत तर भुजा तिथेच तुटणार.

ओढ कमी करायची तर रुंदी कमी करू की जाडी?

रुंदी निम्मी केली तर ताकद निम्मी होते. जाडी निम्मी केली तर ती एक अष्टमांश उरते, कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. दहा मिलीमीटरमधला एक मिलीमीटर काढला की सव्वीस-सत्तावीस टक्के ताकद गेली. म्हणून रास्प लवकर खाली ठेवायची आणि स्क्रेपरवर यायचं. कमी करायला थोडंच उरलं असेल तर कडा घासून रुंदी उतरवणं जास्त हातात राहतं.

टिलरिंग म्हणजे नक्की काय, आणि किती वेळ चालतं?

दोन्ही भुजा सारख्या आणि सगळीकडून वाकायला शिकवणं म्हणजे टिलरिंग. आधीचं सगळं सुतारकाम होतं, धनुष्य इथे तयार होतं. एकूण वेळातला निम्म्याहून जास्त इथे जातो आणि जायलाच हवा.

सुरुवात जमिनीवर. एक टोक जमिनीला टेकवा, मूठ हातात धरा आणि हलका दाब द्या. भुजा वाकताना दिसली पाहिजे. लोखंडाच्या कांबीसारखी ताठ असेल तर पोटाकडून सबंध भुजेवरून सारखं तासा, मग दुसरी भुजा. दोन्ही थोड्या थोड्या वाकायला लागल्या की टोकांशी दोरी अडकवायच्या खाचा पाडा. त्या कडांना, ४५ अंशांच्या कोनात, गोल कानशीने पाडायच्या. पाठीवरून आडवी रेघ ओढलीत तर तिथले तंतू कापले गेले.

मग भिंतीला किंवा खांबाला एक उभी फळी ठोका, वर मूठ टेकेल अशी बैठक, खाली एक कप्पी. खाचांत एक लांब, सैल दोरी अडकवा आणि कप्पीतून दोर घेऊन दूर उभं राहून ओढा. दूर उभं राहण्याचे फायदे दोन: मोडलं तर तोंडावर येत नाही, आणि सबंध बाक एका नजरेत दिसतो. दोराला सुटकेस मोजायचा टांगता काटा जोडा.

आता नियम एकच, आणि तो मोडून बरीच लाकडं वाया घालवल्यावर पटतो. ठरवलेल्या ओढीपेक्षा जास्त भार कधीच द्यायचा नाही. दहा किलोचं धनुष्य हवं असेल तर काटा दहावर आला की थांबा, मग दोरी २० सेंटीमीटरच का आलेली असेना. आणि बाकात खोट दिसली तर दहापर्यंतही जायचं नाही, खोट दिसली तिथेच थांबायचं.

खोट कशी ओळखायची? एखादी जागा ताठ असेल तर तिथे बाक सपाट दिसतो, कमकुवत असेल तर बिजागरीसारखा कोन पडतो. पेन्सिलने ताठ जागांवर खुणा करा आणि फक्त तिथलंच लाकूड खरवडा. कमकुवत जागेला हात लावायचा नाही. ती बरी करायचा एकच मार्ग, बाकी सगळ्यांना तिच्या पातळीवर आणणं. दर वेळी दहा-बारा फटके खरवडा, मग तीस वेळा हलकेच ओढा आणि पुन्हा पाहा. लाकडाला बातमी उशिरा पोचते. न ओढता पुन्हा खरवडलंत तर आधीचा परिणाम आणि आताचा परिणाम एकदम पुढे येतात.

डोळा फसवत असेल तर दोन युक्त्या. मोबाइलवर फोटो काढा आणि आडवा करून पाहा, खोट लगेच दिसते. किंवा पंधरा सेंटीमीटरचा सरळ ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल बसवा. धनुष्य थोडं ओढून ठेवलेलं असताना ठोकळा पोटावर टेकवा. सगळ्यात जास्त बाक असलेल्या जागी पेन्सिल जेमतेम टेकणार नाही इतकी बाहेर काढा, आणि मग ठोकळा भुजेवरून सरकवत न्या. जिथे रेघ उमटेल ती जागा ताठ.

लांब दोरीवर टोकं सारखी, दहा-बारा सेंटीमीटर खाली यायला लागली की आखूड दोरी चढवा. आधी ब्रेस हाइट पाच-सहा सेंटीमीटर, मग पूर्ण. तिथून ओढ एकेक इंचाने वाढवत न्या. खालची भुजा किंचित ताठ ठेवायची, कारण हात मध्याच्या खाली असतो आणि बाण वरून जातो. मुठीच्या उताराजवळ मोजलं तर वरच्या भुजेचं दोरीपासूनचं अंतर तीन ते पाच मिलीमीटर जास्त यावं.

पहिल्या धनुष्याला दोन-तीन संध्याकाळी लागतील. कंटाळा आला की उठा. माझी बहुतेक धनुष्यं 'एवढं करूनच उठतो' या वाक्यानंतर मोडली आहेत.

दोरी काढल्यावरही धनुष्य थोडं वाकलेलंच राहतं. बिघडलं का?

ते 'बसलं'. पोटाचे तंतू थोडे दबले गेले. दोन-तीन सेंटीमीटर बसणं लाकडी धनुष्यात नेहमीचं. पाच-सहाच्या पुढे गेलं तर लाकूड ओलं होतं, बाक एकाच जागी जास्त होता, किंवा लांबीच्या मानाने जास्त ओढलं गेलं. मारून झालं की दोरी उतरवून ठेवायची सवय लावा.

पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या आल्या आहेत.

तिथले तंतू दाबाने चुरले. त्या जागेवरचा भार कमी करायला तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड खरवडा आणि कमी ओढीवर समाधान माना. धनुष्य लगेच मोडणार नाही. पाठीवर ढलपी उचलली असेल तर मात्र गोष्ट गंभीर. बारीक असेल तर गोंद भरून वर दोऱ्याचे घट्ट वेढे घेता येतात, लांब असेल तर ते धनुष्य संपलं.

दोरी कशाची?

डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्याची. त्याचा एक पदर वीस किलोच्या पुढे भार सोसतो, म्हणजे दहा किलोच्या धनुष्याला चार पदर ताकदीला पुरेत. पण इतकी बारीक दोरी बोटांना कापते आणि बाणाच्या खाचेत सैल बसते, म्हणून आठ पदर घ्या. ताग किंवा अंबाडीची हाताने वळलेली दोरीही छान होते. फक्त ओढीच्या चौपट भार पेलेल इतकी जाड वळा आणि मेण चोळा. नायलॉन ताणलं जातं, ते नको. आधुनिक, अजिबात न ताणली जाणारी धनुष्याची दोरीही साध्या लाकडाच्या खाचांना नको, तिचा हिसका टोकं फाडतो. वरच्या टोकाला फास, खालच्या टोकाला दोरी स्वतःभोवती तीन-चार वेढे देऊन आवळणारी गाठ. म्हणजे लांबी कमी-जास्त करता येते.

दोरीची लांबी किती?

शाळेतल्या भूमितीत वर्तुळाची 'जीवा' शिकलो, ती धनुष्याचीच दोरी. संस्कृत गणितात कमानीला चाप, तिच्या दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेला जीवा किंवा ज्या, आणि दोन्हींच्या मधल्या अंतराला शर म्हणत. म्हणजे आपली ब्रेस हाइट हा 'शर'. शर १४ सेंटीमीटर आणि खाचेपासून खाचेपर्यंत धनुष्य ११७ सेंटीमीटर असेल तर जीवा साधारण ११२ ते ११३ येते. थोडक्यात, दोरी चार-पाच सेंटीमीटर आखूड. नवी दोरी पहिल्या दिवशी थोडी लांबते, तेव्हा पिळ देऊन ती आखूड करा.

बाण न लावता दोरी सोडून पाहिली. आवाज मस्त आला!

तो आवाज धनुष्याच्या अंगात शिरलेल्या जोराचा होता. बाण असता तर तो जोर बाण घेऊन गेला असता. आता पाठीवरून बोट फिरवा, खाचा तपासा, आणि पुन्हा करू नका. ज्याच्या हातात धनुष्य द्याल त्याला ही गोष्ट आधी सांगा.

बाण जितका हलका तितका चांगला, बरोबर?

एका मर्यादेपर्यंत. फार हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी. लाकडी धनुष्याला ओढीच्या दर पाउंडामागे दहा ग्रेन हा सुरक्षित अंदाज आहे. ग्रॅममध्ये सांगायचं तर ओढीच्या दर किलोमागे साधारण १.४ ग्रॅम. दहा किलोच्या धनुष्याला १४ ग्रॅमचा बाण, सात किलोच्याला १०. यापेक्षा फार खाली गेल्यास वेग थोडा वाढतो आणि धनुष्याचं आयुष्य बरंच घटतं.

'हलका' ऐकून निरुपद्रवी समजू नका. दहा किलोचं धनुष्य १४ ग्रॅमच्या बाणाला सेकंदाला तीस-पस्तीस मीटर वेग सहज देऊ शकतं, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे. बोथट टोकाचा बाणही डोळा घालवायला पुरेसा आहे.

बाणाची काडी कशाची?

पाइन, स्प्रूस, सिडार, बर्च यांच्या सरळ रेघांच्या काड्या, बारीक बांबू, किंवा बोरूसारखी पोकळ वनस्पती. 'शर' या शब्दाचा अर्थ बाण असा आहे तसा बोरूच्या जातीचं एक गवत असाही आहे, यावरून बाण आधी कशाचे होत ते समजावं. पोकळ काडीला पुढे टणक लाकडाचा तुकडा बसवतात, नाहीतर तोंड फुटतं.

आपल्या धनुष्याला ५५ सेंटीमीटर लांब आणि ६ ते ७ मिलीमीटर जाड काडी जमते. पाइनची साडेसहा मिलीमीटरची काडी नऊ ग्रॅमच्या आसपास भरते, टोक चार ग्रॅम, पिसं आणि दोरा एक ग्रॅम. झाले चौदा.

हाताने करायची तर आधी चौकोनी पट्टी कापा, मग चार कडा उतरवून अष्टकोन, मग सोळा कडा, मग गोल. एका फळीत इंग्रजी व्ही आकाराची खोबण पाडून पट्टी तिच्यात ठेवली की रंधा मारताना लोळत नाही. काडी वाकडी असेल तर वाफेवर किंवा निखाऱ्यावर गरम करून उलट बाजूला वाकवा आणि गार होईपर्यंत तशीच धरा. एका डोळ्याने टोकाकडून पाहत राहायचं.

काडीच्या रेघा तिरक्या बाहेर जात असतील तर ती बाणाला वापरू नका. सुटताना अशी काडी फुटली तर तिचं टोक धनुष्य धरलेल्या हातात घुसतं. दर वेळी मारण्यापूर्वी बाण हलकेच वाकवून, कानाशी धरून तपासा. करकरला की मोडून टाका.

स्पाइन, स्पाइन म्हणतात ते काय?

बाणाचा ताठपणा. दोरी सुटते तेव्हा बाण नुसता पुढे जात नाही, माशासारखा डावी-उजवीकडे वाकत धनुष्याला वळसा घालून जातो. अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. काडी फार मऊ असेल तर जास्त वळते, फार ताठ असेल तर वळतच नाही आणि धनुष्याला घासून फेकली जाते. ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात बदलतो: ६ मिलीमीटरची काडी ७ ची केली की ती १.८५ पट ताठ होते. म्हणून काड्या घासताना कॅलिपर जवळ ठेवा.

घरच्या घरी जुळवायचं तर काड्या लांब असतानाच ६६ सेंटीमीटर अंतरावरच्या दोन खिळ्यांवर ठेवा, मधोमध ९०० ग्रॅमचं वजन टांगा आणि किती झुकते ते मोजा. आकडा अमुकच हवा असं नाही. सारख्या झुकणाऱ्या काड्या एका गटात ठेवल्या की बाण एकसारखे जातात.

बाण सारखे एकाच बाजूला जातात.

उजव्या हाताने ओढत असाल आणि बाण डावीकडे जात असतील तर ते ताठ आहेत: काडी थोडी घासा किंवा पुढचं टोक जड करा. उजवीकडे जात असतील तर मऊ आहेत: काडी थोडी आखूड करा किंवा टोक हलकं करा. डावखुऱ्यांसाठी हे सगळं उलट. बाणाचा तोल मध्याच्या थोडा पुढे, लांबीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा.

मागची खाच कशी पाडायची?

हॅकसॉची दोन-तीन पाती टेपने एकत्र बांधा, दोरीच्या जाडीएवढी रुंदी मिळते. खोली पाच-सहा मिलीमीटर. खाच काडीच्या वलयांच्या रेघांना आडवी हवी. समांतर पाडली तर दोरी पाचरीसारखी काम करते. खाचेच्या खाली दोऱ्याचे दहा वेढे आणि वर गोंदाचा थेंब.

पिसं किती आणि कुठली?

तीन, एकमेकांपासून १२० अंशांवर, पाच-सहा सेंटीमीटर लांब. एक पीस खाचेला काटकोनात, ते धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला राहतं. एका बाणाची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत, कारण त्यांचा नैसर्गिक बाक एकाच दिशेचा असतो आणि बाण त्या दिशेला फिरतो. हंस, टर्की, कोंबडी, सगळं चालतं. जंगली पक्ष्यांची पिसं बाळगणं अनेक देशांत बेकायदा आहे, जमिनीवर पडलेली असली तरीही.

पिसाचा देठ उभा चिरा, तळ घासून सपाट करा, गोंदाने चिकटवा आणि पुढचं टोक दोऱ्याने बांधा. हे बांधणं टाळू नका. बाण हातावरून जातो, आणि देठाचं उघडं टोक ब्लेडसारखं कापतं. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या, ओत्झी नाव दिलेल्या गोठलेल्या माणसाच्या भात्यात १४ बाण होते आणि पुरे झालेले फक्त दोन. त्या दोघांना तीन-तीन पिसं, बर्चच्या डांबराने चिकटवून वर बारीक दोऱ्याने बांधलेली. त्याचं १.८२ मीटरचं यूचं धनुष्यही अर्धवटच होतं. माझ्या कोपऱ्यात पडलेल्या अर्धवट धनुष्यांबद्दल कुणी बोललं की मी ओत्झीचं नाव पुढे करतो.

तेल कुठलं लावू?

जवसाचं तेल, शेलॅक, वॉर्निश, मेण, काहीही. काम ओल बाहेर ठेवण्याचं आहे. जवसाच्या तेलाने माखलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना तापते आणि आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

मुलासाठी करायचं आहे.

मीटरभर लांब, चार-पाच किलो ओढ, ४० सेंटीमीटरच्या आत ओढ थांबवणारी रेघ. बांबूची कामटी याला सर्वात बरी. बाणाला रबराचं जाड बोथट टोक. मागे जुन्या गोधड्यांचा पडदा सैल टांगा, तो बाण अलगद अडवतो. मोठं माणूस शेजारी नसेल तर धनुष्य खुंटीवर. आणि वर आकाशात कुणीच मारायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा.

एक धनुष्य किती टिकतं?

काही हजार बाण सहज. थंडीत आणि फार कोरड्या हवेत आधी दहा-पंधरा वेळा अर्धंच ओढून त्याला जागं करा, मग पूर्ण. पूर्ण ओढून बोलत उभं राहू नका. कोपऱ्यात तिरकं टेकवून ठेवू नका, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, दोरी उतरवून.